एका गढूळ पेल्याचे रसग्रहण

'रसग्रहण' हा शब्द मराठी टीकाकारांच्या लेखणीतून इतक्या वेळा उतरला आहे की, रस ही मुळात जिभेने चाखावयाची वस्तू आहे, याचा आता कोणास आठवही राहिलेला नाही. आस्वाद, रुची, अभिरुची, गोडी, रसिकता, इतकेच काय पण 'नीरस' ही शिवीदेखील, असे काव्यपरीक्षणासाठी आम्ही जवळ बाळगलेले बहुतेक शब्द स्वयंपाकघरातून उसने आणलेले आहेत. उसने आणले याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की, ते परत करण्याची कोणास आठवण झाली नाही. एखाद्या भावगीताच्या दोन कडव्यांवर दहा पृष्ठे सहज लिहिणारा रसिक पानात वाढलेल्या आमटीविषयी 'छान झाली आहे' यापलीकडे अक्षर बोलू शकत नाही. आणि ती बिघडली असेल तर नेमके काय बिघडले, हे घरातील आजीबाईंसच विचारावे लागते. आजीबाई एका घोटात सांगतात की, फोडणी जळलेली नाही, चिंच जुनी होती. त्या घरातील खरा टीकाकार कोण, हे निराळे सांगावयास नको.

म्हणून या खेपेस आम्ही परीक्षणासाठी पुस्तक न घेता एक पेय घेतले आहे, आणि तेही असे की, ज्याचे नाव काढताच कित्येक वाचकांच्या भुवया वर चढतील. बेल्जम देशात गव्हापासून होणारी एक फिकट, गढूळ बीअर आहे. तिचे हे परीक्षण. सरबत किंवा पन्हे न निवडता बीअर का निवडली, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्या वस्तूविषयी आमचे मत ती पाहण्यापूर्वीच बनलेले असते, तिच्या परीक्षणातच परीक्षकाची परीक्षा होते. आम्ही राहतो वर्धा जिल्ह्यात. गांधीजींची व विनोबांची ही कर्मभूमी म्हणून येथे कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. जिल्ह्यात बीअरचे उघड दुकान नाही. तेव्हा हा लेख वर्ध्यास बसून लिहिला असला, तरी चाखण्याचे काम पुण्यास, राज्याच्या कायद्याप्रमाणे लागणारा परवाना काढून, दोन संध्याकाळी उरकले, हे प्रथमच सांगितलेले बरे. परवान्याचा कागद खिशात असताना रसिकता किंचित आखडते खरी. परंतु तो दोष पेयाचा नव्हे.

या बीअरचे कूळ ब्रुसेल्सच्या पूर्वेस असलेल्या हूगार्डन नावाच्या लहानशा गावी सापडते. तेथील भाषेत तिला 'विटबीर' म्हणजे पांढरी बीअर म्हणतात. हा धंदा त्या गावात कित्येक शतके चालत आलेला होता. पुढे निवळशंख सोनेरी बीअरने सर्व युरोपची जीभ एकसारखी करून टाकली, तेव्हा गढूळ पेल्याकडे कोण पाहणार? एकामागून एक कारखाने बसले, आणि १९५७ साली टॉमसिन नावाचा शेवटचा कारखानाही बंद झाला. गोष्ट येथेच संपावयाची. पण त्या गावात पिएर सेलिस नावाचा एक दूधवाला होता. तरुणपणी तो टॉमसिनच्या कारखान्यात हाताखाली काम करीत असे. त्या कामाची आठवण आणि गावातील म्हाताऱ्यांची हळहळ, एवढ्या भांडवलावर त्याने १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास ही बीअर पुन्हा करावयास घेतली. जात्यावरच्या ओव्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून उतरवून घेणाऱ्या संग्राहकांचे ऋण आम्ही मान्य करतो. सेलिसचे काम त्याच जातीचे होते, असे आम्हांस वाटते. १९८५ साली त्याच्या कारखान्यास आग लागली. मदतीस एक मोठी कंपनी आली, आणि मदतीच्या मागोमाग मालकीही तिच्याकडे गेली. सेलिस उठून अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन येथे गेला व १९९२ साली त्याने तेथे तीच बीअर नव्याने मांडली. २०११ साली तो वारला. हूगार्डन या गावाचे नाव मात्र एका बलाढ्य जागतिक कंपनीच्या बाटलीवर आज जगभर हिंडत आहे.

आता कृती. जवांस मोड आणून ते वाळवावयाचे, आणि त्यांत जवळजवळ तितकाच मोड न आणलेला गहू मिसळावयाचा. त्याचा गोड काढा उकळताना हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालावयाची, पण हात आखडूनच. उकळीच्या अखेरीस कुटलेले धने आणि कुराकाओ बेटावरील कडू संत्र्याची वाळलेली साल. मग थंड करून किण्व घालावयाचे आणि आंबू द्यावयाचे. शेवटी गाळावयाचे नाही. गव्हातील प्रथिने आणि किण्वाचे कण पेयात तसेच राहतात, म्हणून ते गढूळ दिसते. अंगी मद्यार्क शंभरात पाचाच्या आतबाहेर. हूगार्डनच्या बाटलीवर ४.९ असा आकडा असतो.

ही यादी वाचताना आम्ही मध्येच थबकलो. गहू, धने, संत्र्याची साल! हॉप आणि जव वगळले, तर हे सारे आमच्या परसातले आहे. वर्धा जिल्ह्यातील कारंजा, आष्टी आणि आर्वी या तालुक्यांत संत्र्यांच्या बागाच बागा आहेत. गव्हाची आणि धन्यांची वाण कोणत्या घरात आहे? दारूबंदीच्या जिल्ह्यातील शेतात या बीअरचे निम्मेअधिक साहित्य उभे आहे आणि त्याचा कोणास पत्ताही नाही. अर्थात कुराकाओचे संत्रे आणि नागपुरी संत्रे यांत सासू-सुनेइतके अंतर आहे. पहिले तोंडात धरवत नाही असे कडू, पण सालीत सुगंध ओतप्रोत. दुसरे सैल सालीचे, रसाळ, गोड. ही गोष्ट पुढे कामास येईल, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

पहिल्या संध्याकाळी हूगार्डनची बाटली घेतली. ती ओतण्याचीही एक रीत आहे. दोन तृतीयांश बाटली पेल्यात ओतावी, उरलेली हलकेच घुसळून तळाचा गाळ मोकळा करावा, आणि मग तो गाळासकट वर सोडावा. निवळ ते पेय आणि गाळ तो टाकाऊ, या आमच्या संस्काराविरुद्ध हे सारे आहे. रंग कसा म्हणाल, तर तांदळाच्या धुवणावर सकाळचे कोवळे ऊन पडावे तसा. वर पांढरा, दाट, साईसारखा फेस. तो बराच वेळ टिकला.

वासापाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो, आणि वाचकांनीही थांबावे अशी विनंती आहे. कारण या पेयाचा सारा जीव वासात आहे. पहिला झोत आला तो उटण्याचा. ज्यांच्या घरी संत्र्याच्या साली उन्हात वाळवून, कुटून, दिवाळीच्या उटण्यात घालतात, त्यांस हा वास सांगावा लागणार नाही. ताज्या सालीचा तो डोळ्यांत उडणारा झणका नव्हे. वाळलेल्या सालीचा, जरा जुनाट, कापडात बांधून ठेवल्यासारखा सुवास. त्याच्या मागून धने आले. भाजलेल्या धन्यांचा मसाल्याचा वास निराळा आणि कच्च्या धन्यांचा निराळा, हा कच्च्यांचा. उन्हाळ्यात धने-जिरे रात्री भिजत घालून सकाळी ते पाणी देतात, त्या पाण्याचा. आणि या दोहोंच्या तळाशी, पेला हातात थोडा तापल्यावर, जो वास वर आला त्याने आम्ही चकित झालो, कारण तो आमच्या अंगणातला होता. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, आणि तिसऱ्या दिवशी तो वाटून चीक काढताना जो आंबूस, दुधट, ओला वास घरभर होतो, तोच हा. इंग्रजीत या बीअरविषयी जे लिहिले जाते, त्यात या वासास कोणी पावाच्या कणकेची उपमा देतात, कोणी ओल्या गवताची. त्या त्यांच्या घरच्या उपमा आहेत. आमच्या घरी 'गव्हाचा चीक' हा नेमका शब्द असताना आम्ही पावाकडे का जावे?

चव वासाइतकी श्रीमंत नाही. जिभेच्या शेंड्यावर हलकी गोडी, लगेच लिंबाच्या सरबतात साखर कमी पडल्यासारखी एक आंबट रेघ, आणि कडवटपणा इतका थोडा की, बीअर म्हणजे कडू पाणी अशी समजूत घेऊन जो बसेल, तो फसेल. बुडबुडे बारीक आणि चपळ. अंग पातळ, परंतु गव्हामुळे त्यास एक गुळगुळीत स्पर्श आहे. पेजेचे पाणी घशाखाली उतरताना असतो तसा. उणीव आहे ती शेवटात. घोट उतरल्यावर मागे काही राहत नाही. पहिल्या दोन ओळी उत्तम साधलेल्या आणि तिसरीपासून यमकासाठी धावणाऱ्या कवितेसारखे हे पेय आहे. अर्ध्या पेल्यानंतर गोडी पुढे येते व धने मागे पडतात. तेथे बीअर बर्फासारखी थंड करून देण्याची चाल आहे, तीही या पेयास मारक. पहिली पाच मिनिटे आम्हांस केवळ गारवा समजला. ज्याचे सारे वैभव वासात, त्यास गोठवून पुढे ठेवणे म्हणजे गवयाच्या तोंडावर पंचा बांधण्यासारखे आहे. सोबत तिखट शेंगदाणे आले होते. ते बाजूस ठेवावे. तिखटापुढे हा नाजूक जीव टिकत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी, जागेवरच बीअर करून जागेवरच विकणाऱ्या एका गृहात गेलो. पुण्यास ही प्रथा २००९ साली डूलालीने सुरू केली, आणि त्यानंतर तशी गृहे तेथे बरीच झाली आहेत. आम्ही गेलो त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. फळ्यावर 'बेल्जियन पद्धतीची गव्हाची बीअर' असे लिहिलेले होते. पेला आला तो दिसावयास अधिक देखणा, अधिक गढूळ, काठावर संत्र्याची फोड लावलेला. परंतु नाकाशी नेताच पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा वास आला, आणि आमचे कान टवकारले. केळे आणि लवंग ही जर्मन गव्हाच्या बीअरची खूण आहे. बव्हेरियातील त्या बीअरमध्ये मसाला घालीत नाहीत. तिचे किण्वच असे असते की, ते आंबताना हे वास आपण होऊन निर्माण करते. म्हणजे फळ्यावर बेल्जम आणि पेल्यात बव्हेरिया! त्यावर बेल्जमची आठवण राहावी म्हणून संत्र्याची जी सढळ भर घातलेली होती, ती गोड संत्र्याची. सालीची कडसर धार नाही, रसाची गोडी मात्र भरपूर. परिणामी पेल्याचा पूर्वार्ध केळ्याचे शिकरण व उत्तरार्ध संत्र्याचे सरबत, असा प्रकार झाला.

हा दोष आम्हांस अपरिचित नाही. मराठी रंगभूमीवर परकीय नाटकांची रूपांतरे पुष्कळ झाली. त्यांतील जी वठली, ती अशांची की, ज्यांनी मूळ नाटकाचा कणा ओळखला आणि मग त्यास आपले कपडे चढवले; जी फसली त्यांनी कपडे तेवढे मूळचे ठेवून कणा काढून टाकला. या पेल्यात संत्र्याची फोड हा कपडा होता. नागपुरी संत्र्याचीच साल घ्यावयाची असेल, तर ती आतील पांढरा पापुद्रा खरवडून, वाळवून, थोडी घ्यावी, आणि कडवटपणाची उणीव दुसऱ्या कशाने तरी भरून काढावी. एवढा विचार करणारा कारागीर या देशी बीअरला स्वतःचे रूप देऊ शकेल. प्रयत्न होत नाहीत असे नव्हे. २०१५ साली 'बिरा' या नावाने जी भारतीय बीअर निघाली, तिच्या पांढऱ्या प्रकाराने याच वळणाची गव्हाची बीअर हजारो तरुणांच्या ओळखीची केली. आरंभी ती बेल्जममध्येच तयार होऊन इकडे येत असे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आमची संत्री येथे, धने येथे, आणि पेला मात्र साता समुद्रांपलीकडून.

आता गुणांचा प्रश्न. पाश्चात्य देशांत बीअरचे परीक्षण करणाऱ्यांनी गुण देण्याची पक्की पद्धत बसवली आहे. अमेरिकेत १९८५ साली स्थापन झालेली परीक्षकांची एक संस्था पेल्यास ५० पैकी गुण देते: गंधास १२, रूपास ३, चवीस २०, तोंडातील स्पर्शास ५ आणि एकंदर परिणामास १०. यामागे पुष्कळ अभ्यास आहे, हे कबूल. मायकेल जॅक्सन नावाच्या इंग्रज लेखकाने (गायक तो निराळा) १९७७ साली जगातील बीअरवर जो ग्रंथ लिहिला, त्यातून हे बीअरचे कूळ-गोत्र लावण्याचे शास्त्र मोठ्या प्रमाणावर उभे राहिले. त्यापूर्वी ही बीअर कोणत्या जातीची आणि तिच्याकडून कशाची अपेक्षा धरावी, असा प्रश्नच फारसा कोणी विचारीत नसे. जातीप्रमाणे परीक्षण व्हावे, लावणीस अभंगाचे माप लावू नये, हे तत्त्व आम्हांसही मान्य आहे.

पण आकडा मिळाला की कारण विसरले जाते, ही त्यातील आपत्ती. हूगार्डनच्या पेल्यास या कोष्टकाने गुण द्यावयास बसलो, तर ५० पैकी ३४ पडतात, आणि पुण्याच्या पेल्यास २७. वाचकाच्या हाती काय आले? पहिल्यात गव्हाचा चीक होता आणि दुसऱ्यात केळे, ही जी एकमेव सांगण्यासारखी गोष्ट, ती ३४ आणि २७ यांच्या मधल्या सात गुणांत कोठे दडली आहे? शिवाय रूपास अवघे ३ गुण. ज्या पेयाचा गढूळपणा हाच त्याचा इतिहास, ज्याने निवळ बीअरच्या लाटेत बुडून पुन्हा डोके वर काढले, त्याच्या दिसण्यास पन्नासात तीन! शाळेच्या परीक्षकास शंभर मुलांची उत्तरे तपासावयाची असतात, त्यास आकड्यावाचून गत्यंतर नाही. एका पेल्यापुढे निवांत बसलेल्या माणसावर ती सक्ती कोणी केली?

आकडा जवळचा वाटतो, कारण शब्द दूर गेले आहेत. मराठीत बीअर, वाइन, ब्रँडी, ताडी, मोहाची, हातभट्टीची या सर्वांस एकच शब्द आहे: दारू. तिच्या करण्यासही एकच शब्द: गाळणे. वास्तविक बीअर आंबवतात, गाळतात ती अर्क काढलेली दारू. आमचे पूर्वज याबाबतीत इतके दरिद्री नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार कृतींसह दिलेले आहेत. त्यातील प्रसन्नेची कृती वाचून पाहावी: धान्याचे पीठ, किण्व, आणि वर झाडाची साल व मसाला. सेलिसच्या पेल्याची ही दूरची मावशीच म्हणावयाची. फरक इतकाच की, प्रसन्न म्हणजे निवळ, आणि ही गढूळ. 'किण्व' हा शब्द आम्ही वर दोन-चार वेळा वापरला, तोही तेथलाच. वैद्यांनी आसव आणि अरिष्ट ही नावे जिवंत ठेवली, म्हणून ती आज आमच्या घरातील फडताळात आहेत. द्राक्षासवाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे वर्ध्यातील किती सत्शील कुटुंबांनी वाचली असतील? त्यात आपोआप उत्पन्न झालेला मद्यार्क असतो, आणि त्याचे प्रमाण या बीअरहून सहसा कमी नसते. दोन चमचे घेतो, पेला घेत नाही, हे उत्तर बरोबर आहे. परंतु ते प्रमाणाविषयीचे उत्तर आहे, वस्तूविषयीचे नव्हे.

मराठी वाङ्मयात मद्याचे सर्वांत प्रभावी दर्शन कोठे आहे, असे विचारल्यास कोणीही 'एकच प्याला' म्हणेल. गडकरी १९१९ च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात सावनेर येथे वारले, आणि हे नाटक त्यांच्या मागे रंगभूमीवर आले. सुधाकराचा अधःपात, सिंधूचे हाल आणि तळीरामाचा विनोद यांनी महाराष्ट्राच्या तीन पिढ्या रडवल्या आणि हसवल्या. त्या प्याल्याचे परिणाम आम्हांस पाठ आहेत. प्याल्यातील वस्तूची चव कशी, हे सांगण्याचे नाटककारास प्रयोजनच नव्हते. नाटकास ते योग्यच. पण पुढे झाले असे की, मद्याविषयी बोलावयाचे म्हणजे परिणामांविषयी बोलावयाचे, असा दंडकच पडला. आणि चवीविषयी जो कोणी शब्द काढील, तो तळीरामाच्या मंडळाचा सभासद ठरू लागला.

येथे आम्हांस फडके आणि खांडेकर यांच्या जुन्या वादाची आठवण होते. कला कलेसाठी की जीवनासाठी, यावर एके काळी महाराष्ट्रात जी शाई खर्ची पडली, तिचा काही भाग आमच्या या पेल्यावरही उडण्यासारखा आहे. आमचे मत स्पष्ट सांगतो. हूगार्डनचे पेय सुगंधी आहे, सौम्य आहे, चांगल्या कारागिरीचे आहे. आणि वर्ध्याची दारूबंदी उठवावी, असे त्यावरून मुळीच निष्पन्न होत नाही. ही दोन विधाने एका वाक्यात बसतात. एकाने दुसऱ्याची साक्ष काढण्याचे कारण नाही. जिल्ह्यात चोरून दारू येते, हातभट्ट्या पेटतात, आणि गावोगावच्या बायका त्याविरुद्ध उठतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. त्या बायकांचा प्रश्न धन्यांचा वास कच्चा की भाजका हा नाही. मजुरीचे पैसे घरी येतात की नाहीत, आणि रात्री घरी येणारा हात कशासाठी उठतो, हा आहे. १९९३ पासून गडचिरोलीतही बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. ती असावी की नसावी, याचा निर्णय त्या प्रश्नांच्या उत्तरांवर व्हावा. आमच्या जिभेची तेथे साक्ष चालणार नाही, आणि चालूही नये.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. बंदीचे पुरस्कर्ते पुष्कळदा असे सांगतात की, मद्य हे मुळातच घाणेरडे, कडू, ओकारी आणणारे असते. हातभट्टीविषयी ते खरे असेलही. पण आमच्या जिल्ह्यातील मुलगा शिकावयास नागपूर-पुण्यास जातो, मित्रांच्या आग्रहाने एक पेला तोंडास लावतो, आणि त्याच्या नाकास दिवाळीच्या उटण्याचा वास येतो. त्या क्षणी त्यास काय वाटेल? चवीविषयी सांगितलेले खोटे निघाले, तेव्हा यकृताविषयी, पैशाविषयी, सवयीविषयी सांगितलेलेही खोटेच असणार, असा तो हिशोब करील. आणि तो हिशोब चुकीचा असला तरी त्याचा पाया त्यास वडीलधाऱ्यांनीच घालून दिलेला असेल. त्यापेक्षा घरी बसूनच त्यास सांगावे की, बाबा रे, ते चांगले लागते. आणि चांगले लागते म्हणूनच सांभाळावयाचे.

खरे बोलणाऱ्या परीक्षकाचा नमुना आम्हांस फार दूर शोधावा लागला नाही. गांधीजींनी १९४२ साली पुण्यास आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात मादक पेयांचा कडक निषेध आहे, आणि त्यातच नीरेविषयी काही वाक्ये आहेत. नीरा ही रेचक असते असे लोक म्हणतात. गांधीजी सांगतात की, आपण ती स्वतः पिऊन पाहिली आणि आपल्यावर तसा परिणाम झाला नाही. उसाच्या रसासारखे तिच्यात अन्न आहे, आणि सकाळी चहाऐवजी पेलाभर घेतली तर न्याहारीची गरज राहू नये, असा त्यांचा अभिप्राय. पाहा, नीरा ही तर त्यांच्या कार्यक्रमातील वस्तू. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, कुमारप्पांनी मगनवाडीतून तो चालवला, आणि नीरा व ताडगूळ हे त्याच्या कामांपैकी एक होते. आपल्या वस्तूविषयी लोकांत प्रचलित असलेला एक गुण, 'मला तसे आढळले नाही' म्हणून परत करणारा पुरस्कर्ता कितीसा आढळतो? ऐकीव काय आणि अनुभवलेले काय हे वेगळे ठेवणे, एवढीच आमच्या धंद्याची सारी नीती आहे, आणि ती त्या दोन-चार वाक्यांत आलेली आहे.

तेव्हा न्याय समान असावा म्हणून पुण्याच्या त्याच मुक्कामात आम्ही एका सकाळी नीराही घेतली. बीअर आणि नीरा यांचे नाते लोक समजतात त्याहून जवळचे आहे. शिंदीच्या किंवा ताडाच्या झाडास रात्री मडके लावतात. पहाटे जो रस उतरतो ती नीरा. ऊन चढू लागले की हवेतील किण्व आपले काम सुरू करते आणि काही तासांत तिची ताडी होते. ते टाळण्यासाठी मडक्यास आतून चुना लावतात. म्हणजे कायद्याच्या दोन बाजू येथे केवळ एका चुन्याच्या हाताने आणि चार घटकांच्या अवधीने वेगळ्या झालेल्या आहेत. आमच्या जिल्ह्यात तर सिंदी नावाचे गावच आहे, आणि शिंदीची झाडे ओढ्या-नाल्यांच्या काठांनी दिसतात.

नीरा दिसावयास पांढुरकी, धुवणासारखी. बीअरच्या मानाने गरीब. वास प्रथम शहाळ्याचा येतो, मग ओल्या लाकडाचा, आणि किंचित चुन्याचा. चवीस स्वच्छ गोड. ऊसरसाहून पातळ आणि कमी मठ्ठ. आंबटपणाची जी रेघ हूगार्डनमध्ये होती ती येथे नाही, आणि तिची उणीव भासते. गोडीस अटकाव करणारे असे नीरेत काहीच नाही, म्हणून दुसरा पेला पहिल्याइतका आवडत नाही. परंतु शेवट फार चांगला. घोट गेल्यावर जिभेच्या मागच्या बाजूस एक थंड, खारट छटा रेंगाळते, ती मिनिटभर जात नाही. बीअर आरंभी बोलते आणि पुढे गप्प होते. नीरेचे उलट आहे. कारागिरीसाठी विचाराल तर पहिली वरचढ, कारण तिच्यात माणसाने जुळवलेल्या चार गोष्टी एका सुरात लागतात. ताजेपणासाठी विचाराल तर दुसरीस तोड नाही. नीरा बाटलीत बसून परदेशी जात नाही, हा तिचा दोष धरला जातो. आमच्या दृष्टीने तो दोष नव्हे. ज्यांस ती पारखून पाहावयाची असेल त्यांनी थंडीचे दिवस निवडावे, सूर्योदयापूर्वी केंद्रावर पोचावे, आणि पेला काचेचा मागावा. स्टीलच्या पेल्यात शहाळ्याचा वास दबतो.